मिरजेहून डिस्नीच्या इंजिनशेडात: वाफेच्या गाडीची आतली टूर कशी करायची

सांगली-मिरजेतनं पोरांकडं अमेरिकेला जाणारे आईबाप आता इतके झालेत की विश्रामबागेत सकाळी फिरायला गेलं की दोन बाकांमागं एकजण तरी "यंदा चार महिने लेकीकडं" म्हणणारा भेटतोच. आणि गेलं की पोरं फ्लोरिडाला डिस्नीला नेतातच, त्यातनं सुटका नाही. तिथं मग आपल्या वयाची माणसं काय करतात तर नातवंडांच्या पिशव्या नि पाण्याच्या बाटल्या सांभाळत सावलीतला बाक धरून बसतात, कारण त्या उलट्यापालट्या पाळण्यात बसायची हिंमत नाही आणि उंदराबरोबर फोटो काढायची हौस नाही. अशा लोकांसाठी तिथं एक अस्सल गोष्ट आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. वाफेची खरीखुरी गाडी, आणि तिच्या शेडात आत नेऊन दाखवणारी टूर.

मी २०१७ ला गेलो होतो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, मिरजेच्या शेडात फायरमन, म्हणजे इंजिनाचा जाळ नि पाणी सांभाळणारे, तेही बार्शी लाइटच्या छोट्या गाडीवर, त्यामुळं मला ह्यात रस असणारच हे उघड आहे. पण तुमच्या घरात कुणी रेल्वेत नसलं तरी चालतंय, फक्त थोडी तयारी करून जा, नाहीतर तीन तास काळ्या लोखंडाकडं बघून परत याल आणि पैसे वाया गेले म्हणाल.

आधी बघा की टूर चालू आहे का

टूरचं नाव "द मॅजिक बिहाइंड अवर स्टीम ट्रेन्स". ओरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे, त्यात चार मोठे पार्क, त्यातल्या मॅजिक किंगडम नावाच्या पार्कला ही गाडी वेढा घालते. पोरांना नुसतं डिस्नी म्हणू नका, पार्कचं नाव सांगा, कारण तिकीट दिवसागणिक नि पार्कागणिक असतंय.

ही काही लाल डब्यासारखी रोज ठरल्या वेळेला सुटणारी गोष्ट नाही. मी येऊन गेलो आणि २०१८ च्या डिसेंबरात शेजारी नवीन राइडचं बांधकाम निघालं म्हणून गाडीच बंद केली, ती उघडली २०२२ च्या डिसेंबरात. चार वर्षं. गाडी बंद असली की टूर कुठली, आणि गाडी चालू असली तरी टूर असेलच असं नाही. तेव्हा विमानाचं तिकीट काढायच्या आधी मुलाला किंवा सुनेला सांगून डिस्नीच्या अधिकृत साइटवर ह्या टूरचं पान उघडायला सांगा, त्या आठवड्यातल्या तारखा दिसतायत का बघा, नाही दिसल्या तर फोन करून विचारा. एजंटावर सोडू नका, एजंटला ही टूर माहीत नसते, तो तुम्हाला डॉल्फिन दाखवतो.

बुकिंग

टूरचे पैसे वेगळे आणि पार्कचं प्रवेश तिकीट वेगळं. हे नीट वाचा, कारण आम्ही टूरचे भरले आणि मला वाटलं झालं काम, तर जावई म्हणाले बाबा अजून आत जायचं तिकीट राहिलंय. रुपयात हिशोब करायचा तो एकदाच घरी बसून करा आणि विसरून जा, तिथं दर घासाला डॉलर गुणिले करत बसलात तर काहीच गोड लागत नाही.

दहा वर्षांच्या आतल्या पोरांना घेत नाहीत. आमचा नातू अकराचा, तो आला, नात सात वर्षांची, ती आजीबरोबर थांबली. त्यामुळं कोण जाणार नि कोण बाहेर थांबणार हे घरात आधीच ठरवा, गेटावर रडारड नको. बाहेर थांबणाऱ्यांनी पहाटे यायची गरज नाही, त्यांना पार्क उघडल्यावर येऊ दे. अठराच्या आतल्या पोरासोबत मोठं माणूस लागतंय. फोटो असलेलं ओळखपत्र मागतात, आपल्याला म्हणजे पासपोर्ट. गट छोटा असतो म्हणून तारीख लवकर धरा, आणि रद्द करायची मुदत काय आहे ती बुकिंग करतानाच वाचून ठेवा.

तारखेबद्दल एक सांगतो. टूर सकाळी पार्क उघडायच्या आधी सुरू होते. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं नि हिवाळ्यात साडेदहा तास, म्हणजे तिथं पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस तुम्ही पहाटे तीनला टक्क डोळे उघडे ठेवून छताकडं बघत पडणार आहातच. पोरं म्हणतात आधी आराम करा, मग फिरू. उलटं करा. फ्लोरिडाचा बेत सुरुवातीलाच असला तर टूर पोचल्यापासनं तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा, पहाटेचं उठणं फुकटात होतंय.

मिरजेतनं निघण्याबद्दल थोडंच

व्हिसाचं नि विमानाचं मी सांगत बसत नाही, ते सगळ्यांना पाठ झालंय. महालक्ष्मीनं मुंबईला जावा, तिथनं विमान, ओरलँडोला भारतातनं थेट विमान नाही, कुठंतरी बदलायला लागतंय. बॅगेत भडंग न्या. मस्करी नाही करत, पार्कात बाहेरचं खाणं न्यायला चालतंय, काचेची बाटली तेवढी नको, आणि सकाळी साडेसहाला तिथं काही उघडं नसतंय, तेव्हा सांगलीची भडंगच उपयोगी पडली.

ही इंजिनं म्हणजे खेळणी नव्हेत

आता मुख्य. हा भाग वाचून गेलात तर टूर वसूल.

चार इंजिनं आहेत. चारही अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याची. आपल्याकडची ती डोक्यावर चांदणी असलेली गोल तोंडाची डब्ल्यूपी इंजिनं आठवत असतील, त्यातली पहिली सोळा १९४७ ला ह्याच बाल्डविननं बनवलेली, म्हणजे पाहुणे तसे ओळखीतलेच. डिस्नीकडं यायच्या आधी ही चारी इंजिनं मेक्सिकोत युकातान भागात राबत होती, तिथं घायपातासारख्या झाडाचा वाख काढायचा मोठा धंदा होता, त्याचा माल नि माणसं ओढायची. म्हणजे पार्कासाठी हौसेनं बनवलेली गाडी नव्हे ही, हमाली करून आलेली गाडी आहे. १९६९ ला डिस्नीच्या लोकांनी तिकडनं ती विकत घेतली, टँपा गावात जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात नेली, तिथं जवळजवळ नव्यानं बांधली आणि १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडला त्याच दिवशी गाडी सुरू झाली.

रुळांची रुंदी तीन फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर. मिरजकरांना हे लगेच कळेल. आपल्याकडं एकेकाळी एकाच स्टेशनात तिन्ही गेज होते, ब्रॉडगेज, मीटरगेज म्हणजे एक हजार मिलिमीटर, आणि आपली बार्शी लाइट अडीच फुटाची, ७६२. तर डिस्नीची गाडी ह्या दोघींच्या मधली, मीटरगेजपेक्षा जरा बारकी नि बार्शी लाइटपेक्षा जरा थोरली. मी तिथं पहिल्यांदा रुळ बघितले तेव्हा हेच डोक्यात आलं आणि नातवाला सांगायला गेलो तर त्याला नॅरोगेज म्हणजे काय हेच माहीत नाही. बार्शी लाइट १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली, कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर त्याच्यामागं, आणि मिरजेला ती पोचली १९२७ ला. त्यातली गंमत अशी की डिस्नीची तीन इंजिनं त्याच दशकातली. म्हणजे आषाढीला वारकरी टपावर बसून मिरजेहून पंढरपूरला जायचे तेव्हा ही तिकडं वाख ओढत होती.

आता एकेक इंजिन ओळखायचं कसं. चाकं मोजायची. पुढची छोटी चाकं, मग मोठी ओढणारी, मग मागची छोटी, असे तीन आकडे, दोन्ही बाजूची मिळून. एक नंबरचं इंजिन वॉल्टर ई. डिस्ने आणि तीन नंबरचं रॉजर ई. ब्रॉगी, दोन्ही १९२५ ची, ४-६-०, म्हणजे पुढं चार छोटी, सहा मोठी, मागं काही नाही. दोन नंबरचं लिली बेल, १९२८ चं, २-६-०. चार नंबरचं रॉय ओ. डिस्ने, सगळ्यात जुनं, १९१६ चं, ४-४-०, आणि ते बघितल्या बघितल्या कळतंय, जुन्या सिनेमातल्या इंजिनासारखं दिसतंय.

नावांची पण गोष्ट आहे. वॉल्ट डिस्नीला गाड्यांचं वेड लहानपणापासनं, पोरसवदा वयात त्यानं गाडीत फिरून पेपर नि खाऊ विकलाय. पुढं मोठा झाल्यावर स्वतःच्या घरामागं एक-अष्टमांश मापाची छोटी गाडी टाकली, रुळ २६१५ फूट, म्हणजे पाऊण किलोमीटरच्या वर, आणि ते रुळ बायकोच्या फुलांच्या वाफ्यातनं जाणार होते म्हणून वकिलाकडनं बायकोबरोबर रीतसर कागद करून घेतला, आणि शेवटी वाफ्याच्या खालनं बोगदा काढला. बायकोचं नाव लिलियन, म्हणून त्या छोट्या इंजिनाचं नाव लिली बेल, आणि तेच पुढं पार्कातल्या दोन नंबरला दिलं. रॉय हा वॉल्टचा थोरला भाऊ. वॉल्ट १९६६ ला गेला, त्यामुळं ही चार इंजिनं त्यानं बघितलीच नाहीत, पार्क उभा केला तो रॉयनं आणि १९७१ च्या डिसेंबरात तोही गेला.

आणि ब्रॉगी कोण, तर स्टुडिओतल्या मशीन शॉपचा मुख्य माणूस. वॉल्टची घरामागची गाडी बांधण्यात त्याचाच हात, आणि मेक्सिकोतनं ही इंजिनं आणण्यात पण तोच पुढं. मालक, मालकाची बायको, मालकाचा भाऊ आणि चौथा कारागीर. मला हे सगळ्यात आवडलं. आमच्या शेडात एवढे फिटर होऊन गेले, एकाचं नाव कधी इंजिनावर लागलेलं ऐकलं नाही.

बंब आठवा म्हणजे बॉयलर कळेल

टूरमध्ये गाइड भराभर बोलतो आणि इंग्रजी त्यांच्या उच्चारातलं, त्यामुळं इंजिन कसं चालतं हे आधीच डोक्यात असलेलं बरं. सोपं आहे. आपला आंघोळीचा तांब्याचा बंब आठवा. मधनं नळी, तिच्यात जाळ, भोवतीनं पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे असाच बंब आडवा टाकलाय आणि मधल्या एका नळीच्या जागी खूप साऱ्या बारक्या नळ्या घातल्यात, जाळ एका टोकाला फायरबॉक्समध्ये, धूर त्या नळ्यांतनं पुढच्या धुराड्याकडं, भोवतीनं पाणी. पाण्याची वाफ झाली की तिला उघड्यावर सोळाशे-सतराशे पट जागा पाहिजे, ती बंदिस्त कोंडली की दाब, तो दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टन दांड्याला, दांडा चाकाला. वापरलेली वाफ धुराड्यातनं वर सोडतात ती जाता जाता जाळाची हवा पण ओढते, तोच छुक छुक आवाज. म्हणजे गाडी जितकी जोर लावेल तितका जाळ आपोआप फुलतो. अण्णा म्हणायचे इंजिन स्वतःची फुंकणी स्वतःच मारतंय.

एक फरक मात्र आहे. तिथं कोळसा नाही. डिझेल जाळतात, म्हणजे वाफेच्या फवाऱ्यानं डिझेलचा धुरळा करून फायरबॉक्समध्ये सोडतात. त्यामुळं फावडं नाही, राख नाही, आणि तोंड काळं झालेला फायरमन नाही. कोळशाच्या धुराचा वास येईल ह्या आशेनं जाऊ नका, मी त्याच आशेनं गेलो होतो. फायरमनचं काम मात्र सोपं होत नाही हां. त्याचं खरं काम पाण्याचं. फायरबॉक्सच्या माथ्यावरच्या पत्र्यावर कायम पाणी पाहिजे, ते खाली गेलं की पत्रा उघडा पडून लाल होतो नि मग बॉयलर फुटायचा धोका. म्हणून कॅबमध्ये एक उभी काचेची नळी असते, गेज ग्लास, फायरमनचा एक डोळा कायम तिच्यावर. अण्णांना जेवताना पण पाण्याचा तांब्या किती भरलाय हे बघायची सवय लागली होती, आई वैतागायची.

इंग्रजी शब्द, पण त्यांचे

ह्यात माझी पंचाईत झाली म्हणून सांगतो. आपली रेल्वे इंग्रजांची, त्यांची अमेरिकन, शब्द वेगळे. आपण ड्रायव्हर म्हणतो, ते इंजिनियर. आपला गार्ड म्हणजे त्यांचा कंडक्टर, नुसता तिकीट फाडणारा नव्हे. रुळ बदलायचे आपले पॉइंट, त्यांचे स्विच. वाफ कमीजास्त सोडायचा दांडा आपण रेग्युलेटर म्हणतो, तो त्यांचा थ्रॉटल. स्लीपरला टाय म्हणतात, डब्याला कार, आणि डब्याखालच्या चाकांच्या गाड्याला आपण बोगी म्हणतो त्याला ते चक्क ट्रक म्हणतात. रेल्वे म्हणजे रेलरोड, शेड म्हणजे राउंडहाउस. फायरमन, फायरबॉक्स, बॉयलर, आणि बॉयलरात पाणी ढकलणारा इंजेक्टर, एवढे मात्र तेच. मी पहिल्यांदा "ड्रायव्हर कुठंय" विचारलं तर त्यांनी मोठ्या चाकाकडं बोट दाखवलं, कारण ओढणाऱ्या चाकाला ते ड्रायव्हर म्हणतात.

टूरचा दिवस

पायात बूट. पुढनं बंद असलेले. शेडात तेल असतंय, लोखंड असतंय, चप्पल-सँडल चालत नाहीत. मला लेकीनं चार वेळा सांगितलं होतं आणि मी पहाटे सवयीनं कोल्हापुरी घालून गाडीत जाऊन बसलो. पार्किंगला उतरल्यावर तिचं लक्ष गेलं. नशीब, तिच्या डिकीत जावयांचे पळायचे बूट होते, एक नंबर मोठे, तीन तास फटक फटक करत फिरलो.

दुसरं म्हणजे वेळ. गाडी लावायची जागा आणि मॅजिक किंगडमचं गेट ह्यांच्यामधे मोठं तळं आहे. पार्किंगमधनं आधी एका स्टेशनावर यायचं, तिथं पिशव्यांची तपासणी, तिथनं मोनोरेल नाहीतर लाँच, मग गेट. आपल्याला वाटतं पोचलो पोचलो आणि अजून अर्धा तास जातोय. बुकिंगवर जी वेळ असेल त्याच्या सव्वा तास आधी पार्किंगला पाहिजे. उशीर झाला तर तुमच्यासाठी कुणी थांबत नाही, गट निघून जातो, आणि तिथं "साहेब जरा बघा की" चालत नाही.

आत गेल्यावर लगेच समोर जे मोठं स्टेशन दिसतं तेच मेन स्ट्रीटचं स्टेशन, त्याच्या दोन्ही बाजूंना रुळांखालनं बोगदे आहेत, त्यातनंच पार्कात शिरायचं. सकाळी पार्क रिकामा. नुसतं हे दृश्यसुद्धा पैसे देऊन बघावं असं आहे, कारण दोन तासांनी तिथं पंढरपूरच्या दर्शनबारीसारखी गर्दी असते. सफाईवाले पाणी मारतायत, कुठनंतरी गाणं चालूय, आणि लांबनं शिट्टी येते. दोन लांब, एक छोटी, परत एक लांब. ही अमेरिकेत फाटकाजवळ द्यायची शिट्टी, कान देऊन ऐका.

मग दिवसाची पहिली गाडी स्टेशनात येते नि तुम्हाला तिच्यात बसवून शेडाकडं नेतात. डबे उघडे, बाजूला भिंती नाहीत, एका गाडीला पाच डबे. सगळी फेरी दीड मैलाची, अडीच किलोमीटरच्या आत, नेहमीच्या प्रवाशांना वीसेक मिनिटं लागतात. तुम्ही मात्र मधेच फाट्यावरनं वळून पाहुण्यांना न दिसणाऱ्या भागात जाता, ह्याला ते बॅकस्टेज म्हणतात, आणि इथनं पुढं फोटो बंद. मोबाईल खिशात. ह्यावर वाद घालू नका, गुपचूप एखादा काढू असं तर अजिबात करू नका. मला सुरुवातीला राग आला होता, पण नंतर लक्षात आलं की मोबाईल आत गेल्यावर सगळेजण खरंच बघायला लागले.

शेडाला राउंडहाउस म्हणतात पण गोल बिल नाही, साधी लांबलचक शेड आहे. तिथली मजा अशी की खाली वाफेची इंजिनं उभी आणि डोक्यावर वरच्या मजल्यावर मोनोरेल लावलेली. एकाच छपराखाली खाली १९१६ चं इंजिन नि वर विजेवरची गाडी, दोघींची दुरुस्ती तिथंच.

काय बघायचं? गाइड इतिहास सांगत असतो तेव्हा तुमचे डोळे इंजिनावर पाहिजेत. चाकांजवळ दांडे जिथं जोडलेत तिथं तेलाच्या वाट्या दिसतील, निघायच्या आधी प्रत्येक सांध्याला तेल घालून हातानं तपासतात. बॉयलरच्या पाठीवर दोन डोम, म्हणजे घुमट, असतात, एकात वाफ जमते, दुसऱ्यात काय असेल सांगा. वाळू. पावसात रुळ ओले झाले की चाकं घसरतात, मग चाकापुढं वाळू सोडायची. आमच्या नातवाला सगळ्या टूरमध्ये हेच लक्षात राहिलं, एवढं मोठं इंजिन आणि खिशात वाळू घेऊन फिरतंय म्हणाला. तपासून झालेले नि न झालेले भाग, खुंटीला टांगलेले पाने, एखाद्या इंजिनाचा पुढचा दरवाजा उघडा असला तर आतल्या नळ्यांची तोंडं, म्हणजे तो बंब आडवा टाकलेला, हे सगळं तिथं उघड्या डोळ्यांनी दिसतंय. कॅबमध्ये डोकवायला मिळालं की आधी गेज ग्लास शोधा. पितळी चकचकाटाकडं नंतर बघा.

प्रश्न विचारा, पण काम करणाऱ्याला विचारा, आणि कामाचे विचारा. "हे किती जुनं" हे गाइड सांगतोच. मी तिथल्या एका डांगरीतल्या म्हाताऱ्याला विचारलं की बॉयलर थंड पडला तर परत तापवायला किती घाई करता, तर तो माझ्याकडं वळला आणि म्हणाला घाई करतच नाही. पत्रा सगळीकडं सारखा तापला पाहिजे, नाहीतर एक भाग फुगतो नि दुसरा नाही, सांधे गळायला लागतात. हे वाक्य मी घरी शंभर वेळा ऐकलेलं होतं, फक्त मराठीत. मग मी माझ्या मोडक्या इंग्रजीत वडील फायरमन होते म्हणून सांगितलं, त्यानं ग्लव्ह काढून हात पुढं केला. तुमचे वडील फायरमन नसले तरी पाण्याबद्दल विचारा, दर काही फेऱ्यांनी पाणी भरायला लागतंय, ते पाणी आधी शुद्ध का करतात विचारा, क्षार साचला तर नळ्यांचं काय होतं विचारा. आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं गिझरचं जे होतंय तेच होतं, पण त्यांच्या तोंडून ऐका.

उभं राहायची सवय ठेवा, तीन तासात बसायला फारसं मिळत नाही आणि जिने चढउतार आहे. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच सांगा. उन्हाळ्यात गेलात तर उकाडा आपल्या मे महिन्यासारखा पण घाम रत्नागिरीसारखा, आणि दुपारनंतर विजांसकट पाऊस. टोपी, पाणी, आणि एक रुमाल जास्त.

टूर नाही मिळाली तर

गाडी चालू असेल तर तिकिटातच तिच्यात बसता येतं, वेगळे पैसे नाहीत. बाकीच्यांसारखं मधल्या डब्यात बसू नका, पहिल्या डब्यात बसा, इंजिनाचं काम तिथं ऐकू येतं. स्टेशनात गाडी थांबली की फलाटाच्या पुढच्या टोकाला जाऊन चाकं मोजा, आता तुम्हाला कुठलं इंजिन ते कळेल. रात्रीच्या फटाक्यांच्या वेळी गाडी थांबवतात, तेव्हा तो कार्यक्रम नि ही गाडी एकाच तासात धरू नका.

पोरं फ्लोरिडाऐवजी लॉस एंजेलिसकडं असतील तर वॉल्ट डिस्नीच्या घरामागं जी छोटी गाडी होती तिचं लाकडी खोपटं, म्हणजे जिथं बसून तो रुळांचे सांधे बदलायचा ती खोली, ग्रिफिथ पार्कात जशीच्या तशी ठेवली आहे, महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी उघडतात आणि बघायला पैसे लागत नाहीत. आणि अमेरिकेला जायचंच नसेल तर हरियाणात रेवाडीला आपल्या रेल्वेचं वाफेच्या इंजिनांचं शेड आहे, तिथं कोळशाचा वास पण आहे. तेवढं पण लांब वाटलं तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम, मिरजेतनं सकाळी निघून रात्री परत.

बाहेर आल्या आल्या करायचं काम

फोटो नसल्यामुळं सगळं डोक्यात असतंय आणि डोक्यातलं दुपारपर्यंत निम्मं जातंय, कारण पुढं नातवंडं तुम्हाला ओढत नेणार. म्हणून टूर संपली की लगेच कुठल्याही बाकावर बसा, भडंगेची पुडी काढा आणि जे बघितलं ते लिहून काढा. आम्ही पार्कचा नकाशा उलटा करून त्याच्या कोऱ्या कडेला लिहिलं, नातवानं शेजारी वाळूचा डोम, नळ्या नि गेज ग्लास काढला, त्याच्या चित्रात इंजिन बंबासारखं दिसतंय आणि ते बरोबरच आहे. तो कागद अजून मिरजेत अण्णांच्या रेल्वेच्या कंदिलाखाली आहे, भडंगेचा तेलकट डाग पडलेला. नकाशा तिथं फुकट मिळतो. पेन मात्र घरनं न्या, तिथं पेन पण उंदराच्या कानाचं मिळतंय आणि त्याच्या किमतीत आपल्याकडं डझन येतील.